रॉकेटची वाट शोधत नंगलीच्या तळ्यापर्यंत

"सगळ्यांनी दाखवलं गं. मला फक्त सगळ्यांची बोटं दिसली," इंदूअक्का लिफ्टमध्ये म्हणाल्या, आणि ही सहल तिथेच ठरली.

सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्या संध्याकाळी अर्धी सोसायटी जमली होती. श्रीहरिकोटाहून रॉकेट उडणार, हवा स्वच्छ असेल तर बेंगळुरूतूनही दिसतं, असा मेसेज ग्रुपवर फिरला होता. दिसलं खरंच. "वो देखो, टंकी के ऊपर!" "अरे तिकडे नाही, लेफ्ट, लेफ्ट!" असा एकच गोंधळ झाला. त्यात आमच्या तळमजल्यावरच्या, बेंगळुरूतच वाढलेल्या मराठी इंदूअक्का मान इकडून तिकडे वळवत राहिल्या आणि रॉकेट निघून गेलं.

अक्कांना काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलं आहे, मधलं तेवढं शाबूत. एका बारीक नळीतून जग बघावं तसं त्या बघतात. समोर धरलेलं पुस्तक वाचतील, पण शेजारी ठेवलेला चहाचा कप त्यांना शोधावा लागतो. ती नळीही हळूहळू मिटते आहे. किती दिवस पुरेल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि अक्काही विचारत नाहीत.

आता यातली खरी गोम सांगते. या बाईंनी एका सरकारी कारखान्यात एकतीस वर्षं रॉकेटच्या टाक्यांच्या वेल्डिंगचे एक्स-रे तपासले. अंधाऱ्या खोलीत, उजेडाच्या पेटीवर फिल्म लावून, सांध्यात कुठे चीर आहे का, बुडबुडा आहे का ते बघायचं. उड्डाण बघायला श्रीहरिकोटाला जायचे ते साहेब. अक्कांची पाळी कधी आलीच नाही. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणाल्या, तोवर डोळे गेले. आपण पास केलेल्या सांध्यांचं पुढे काय होतं ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही बघितलेलं नाही.

मी नागपूरची. बेंगळुरूत सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. लिफ्टमधून बाहेर पडता पडता मी अक्कांना छातीठोकपणे सांगितलं, "पुढचं रॉकेट तुम्हाला मी दाखवते."

"कसं दाखवशील? बोटानं?" त्या हसल्या. "मी रॉकेटच्या मागे धावू शकत नाही. रॉकेटच माझ्या नळीत यायला पाहिजे."

म्हणजे ते कुठून जाणार हे आधी कळायला हवं. नेम धरून बसायचं आणि ते समोर येईपर्यंत थांबायचं.

तुम्हालाही कधी असं जायचं असेल तर ही माहिती उपयोगी पडेल. रॉकेटची वाट कुणी गुपित ठेवत नाही. उड्डाणाच्या काही दिवस आधी वैमानिकांसाठी सूचना निघते, तशीच जहाजांसाठीही निघते: अमुक वेळेत समुद्राच्या अमुक तुकड्यावर फिरकू नका. रॉकेटचे रिकामे झालेले टप्पे तिथे पडणार असतात. त्या तुकड्यांचे कोपरे अक्षांश-रेखांशात दिलेले असतात. उड्डाणतळापासून त्या तुकड्यांच्या मधून रेघ काढली की वाट मिळते. कितव्या सेकंदाला किती उंची, हे उड्डाणाआधीच्या माहितीपुस्तिकेत असतं. दोन्ही जोडलं की आपल्या गावातून ते कुठल्या दिशेला आणि क्षितिजापासून किती वर दिसेल ते निघतं. सूचनेतली वेळ आपली नसते, तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. हे मी विसरले नाही. काय विसरले ते पुढे येईलच.

पुढचं उड्डाण संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी होतं. ही वेळ म्हणजे लॉटरी. खाली अंधार पडत असतो आणि वर गेलेल्या रॉकेटला ऊन मिळतं, त्यामुळे ते लखलखतं. मी कोपरे घेतले, छोटासा प्रोग्राम लिहिला, नकाशावर रेघ काढली. रेघ जरा वेडीवाकडी आली. पण या प्रकारची रॉकेटं दक्षिणेकडे जाताना श्रीलंका टाळायला वळसा घेतात असं मी वाचलं होतं. हाच तो वळसा, असं म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

आदल्या शनिवारी, अक्कांची नजर एकाच जागी धरून ठेवायला, खरीखुरी नळी आणायला बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरला गेलो. अक्कांचं सगळं आयुष्य त्या भागात गेलं, त्यामुळे दुकान त्यांनीच निवडलं. चार इंची प्लास्टिकचा पाइप, दोन फूट.

"एल्बो? सॉकेट?" दुकानदारानं विचारलं.

"काही नको अण्णा. नुसता पाइप. यातून आकाश बघणार आहे," अक्का म्हणाल्या.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाइप कापला. घरी आतून काळा कागद लावला आणि तो कॅमेऱ्याच्या तिवईवर बांधला. या मापाच्या पाइपातून आकाशाचा साधारण दहा अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. अक्कांनाही साधारण तेवढंच दिसतं.

उड्डाणाच्या दिवशी नवऱ्याची ऑन-कॉलची पाळी होती. आम्ही दोघीच अकराला निघालो. व्हाइटफील्ड पार करायलाच तास गेला. त्या तासाबद्दल मी लिहिणार नाही, कारण हा ब्लॉग माझे सासरेही वाचतात. होसकोटेला आल्यावर मी पहाटेच्या दम बिर्याणीच्या रांगांबद्दल सांगायला लागले, तर शाकाहारी अक्का म्हणाल्या, "वास सगळा ठाऊक आहे मला. आमच्या डिपार्टमेंटची निम्मी माणसं रविवारी इथेच सापडायची." होसकोटेनंतर रस्ता मोकळा होतो. कोलारच्या आसपास दोन्ही बाजूंना एकावर एक रचल्यासारखे धोंड्यांचे डोंगर दिसतात. मी बघत होते आणि अक्कांना सांगत होते. त्या मान थोडी थोडी वळवून एकेक धोंडा शोधून काढत होत्या. एक सापडला की "हां, आला" म्हणायच्या.

मुळबागलला जाऊन डोसा न खाणं हे पाप आहे. इथला डोसा पुण्या-मुंबईकडच्या कागदी डोशासारखा नसतो. लहान, जाड, बाहेरून लालबुंद कुरकुरीत, आत मऊ, आणि वर तूप. मी दोन खाल्ले. अक्कांनी दीड खाल्ला आणि उरलेला अर्धा माझ्या पानात सरकवत म्हणाल्या, "स्वल्प जास्त झालं." स्वल्प म्हणजे थोडंसं, आणि बेंगळुरूत या एका शब्दावर सगळा संसार चालतो.

तिथून हायवेनं नंगलीकडे निघालं की आंध्रची हद्द येण्याआधी डावी-उजवीकडे बरीच जुनी तळी लागतात. पूर्वेकडे मोकळं क्षितिज आणि गाडी पार बांधापर्यंत जाईल, अशी जागा मी नकाशावर हेरून ठेवली होती. चारच्या सुमाराला पोचलो. तळ्यात निम्मं पाणी होतं, बगळे होते, आणि बांधाच्या डाव्या अंगाला नीलगिरीची दाट रांग. तिच्या उजवीकडचं आकाश मोकळं होतं आणि माझी रेघ तिथूनच जात होती. मी खुर्ची टाकली, होकायंत्र लावून पाइपाचा नेम धरला. होकायंत्र गाडीपासून लांब नेऊन वापरा, नाहीतर पत्र्यामुळे दिशा चुकते.

तिथे दोन गाई चारणारी लक्ष्मम्मा नावाची बाई होती. पाइप बघून जवळ आली. अक्का तिच्याशी कन्नडात बोलल्या आणि मला मराठीत सांगत गेल्या.

"ही म्हणते, रॉकेट तिनं पुष्कळ बघितलीयत. काही सरळ पुढे निघून जातात, काही उजवीकडे वळतात. आज कुठलं?"

"उजवीकडचं," मी ऐटीत म्हणाले. "नीलगिरीच्या या बाजूनं वर येणार."

लक्ष्मम्मानं मान हलवली. हात वर करून ती झाडांच्या मधोमध बोट दाखवत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, कुठलंही असू दे, निघतं ते त्या झाडांच्या मागून."

मी म्हणाले, तिला इकडच्या-तिकडचा फरक कळत नसेल. हे वाक्य आठवलं की आजही मला माझ्याच कानफटात मारावंसं वाटतं.

अक्कांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "आम्ही रोज सकाळी काम सुरू करताना आधी एक ओळखीची फिल्म लावायचो. तिच्यात चीर कुठे आहे ते सगळ्यांना पाठ. ती दिसली तर डोळे ठीक, पेटी ठीक, मग नवीन फिल्म घ्यायची. तुझ्या नकाशात ओळखीचं काय आहे?"

"उड्डाणतळ. सूचनेतला पहिलाच आकडा तो."

"तो जवळून बघितलास?"

नव्हता बघितला. सगळा बंगालचा उपसागर स्क्रीनवर मावेल इतक्या लांबून बघितला होता. किनाऱ्याजवळ ठिपका दिसला, झालं. आता नेटवर्कची एक काडी होती. मी नकाशा मोठा करत गेले. श्रीहरिकोटाचं बेट वर राहिलं आणि माझा ठिपका खाली तमिळनाडूत, गुम्मिडीपूंडी नावाच्या गावाजवळ शेतात जाऊन पडला. माझं रॉकेट तिथून उडत होतं.

"अक्का, तीस किलोमीटर चुकलंय."

"आकडा वाच."

"एक तीन चार तीन, उत्तर."

"मग तू काय घेतलंस?"

"तेरा पॉइंट चार तीन."

"अय्यो, मुग्धा!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तेरा अंश त्रेचाळीस मिनिटं गं. अंशाची मिनिटं साठ असतात. शंभर कुठली?"

म्हणजे प्रत्येक कोपरा चुकला होता, आणि प्रत्येक वेगवेगळ्या मापानं. माझा तो कौतुकाचा वळसा श्रीलंकेचा नव्हताच, माझ्या अकलेचा होता. दुसऱ्याच्या कामात ही चूक सापडली असती तर मी तिच्यावर लाल अक्षरांत चार ओळी लिहिल्या असत्या.

पाच वाजून गेले होते. लॅपटॉप घरी होता. मी अक्षरशः रडकुंडीला आले. सरळ सांगते, मला रॉकेटची पर्वा नव्हती. या बाईंना इतक्या लांब आणून पुन्हा बोटंच दाखवावी लागणार होती.

"कागद आहे की," अक्का म्हणाल्या. "तू वाच, मी भागते."

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. मी मिनिटं वाचायची, अक्का डोळे मिटून साठानं भागायच्या. "त्रेचाळीस? शून्य पूर्णांक बहात्तर. चौदा? तेवीस. पुढे." एकदाही अडखळल्या नाहीत. फोनवर एकेक कोपरा टाकत गेले. या वेळी पहिला ठिपका बरोबर बेटावर बसला. नवी रेघ सुरुवातीला सात-आठ अंश डावीकडे सरकली, म्हणजे सरळ नीलगिरीच्या पोटात. लक्ष्मम्मा गाईच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे बघत होती. मी तिला हात जोडले.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेलं तरच झाडं बाजूला पडणार होती. लक्ष्मम्मानं खुर्ची डोक्यावर घेतली, मी एका हातात तिवई आणि दुसऱ्या हातात अक्का, अशी आमची वरात बांधावरून निघाली. पायाखाली गवत, एका बाजूला पाणी. अक्कांना आपले पाय दिसत नाहीत. "उजवीकडे दगड. आता सपाट. आता उंच पाऊल." पोचेपर्यंत सूर्य मावळला होता. नव्या नेमावर पाइप बसवला: पूर्वेच्या किंचित उजवीकडे, क्षितिजापासून दीड मूठ वर. पुढच्या वाटेसाठी तिवईवर आणखी एक खूण करून ठेवली.

फोनवरच्या थेट प्रक्षेपणावर भरवसा ठेवू नका, ते मागे असतं. घड्याळ बघा. सहा वीस झाले. मी सेकंद मोजायला लागले. अक्का पाइपाला डोळा लावून स्तब्ध होत्या. पस्तीस, चाळीस, काहीच नाही. मग झाडांच्या उजवीकडे, क्षितिजालगतच्या धुरकट पट्ट्यात एक नारिंगी ठिणगी वर आली. लक्ष्मम्मा ओरडली. मी ओरडले नाही. "अक्का, निघालंय. बघू नका इकडे. तिथेच थांबा. येतंय."

ते पन्नासेक सेकंद मी जन्मात विसरणार नाही. ठिणगी चढत होती, उजवीकडे झुकत होती, मागे धुराची रेघ आणि त्या रेघेला वरच्या उन्हाचा सोनेरी रंग. मी कधी तिच्याकडे, कधी पाइपाच्या तोंडाकडे बघत होते. आणि मग अक्कांचा श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

"आलं," त्या म्हणाल्या.

एवढंच. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. उजेड अचानक मंदावला, विझल्यासारखा झाला आणि पुन्हा पेटला. पहिला टप्पा सुटला होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि एवढ्यात या बाई पाइपापासून बाजूला झाल्या.

"तू बघ."

"अक्का, तुम्ही बघा! जाईल ते!"

"बघ म्हणते ना! लवकर!"

मी वाकून डोळा लावला. काळ्याशार भिंतीत एक वाटोळं आकाश, त्यात वर चढणारा तेवढा एक दिवा. बांध नाही, तळं नाही, लक्ष्मम्मा नाही, काही नाही. अक्का रोज एवढंच बघतात हे मला माहीत होतं. पण ते काय असतं ते तेव्हा कळलं. मग दिवा काठाला गेला आणि निसटला. मी पाइप पुढच्या खुणेवर वळवून अक्कांना परत बसवलं, आणि आग्नेयेला तो फिकट होत जाईपर्यंत त्यांनी बघितलं.

"मधेच उठलात कशाला?" मी जवळजवळ भांडलेच. "एकतीस वर्षं थांबलात आणि अर्धं मला दिलंत!"

"हल्ली माझे डोळे नसलेलंही दाखवतात गं. डॉक्टर म्हणतात, मेंदू गाळलेल्या जागा भरतो. मला दिसलं ते खरंच होतं का, हे मी कुणाला विचारू? आमच्याकडे एकीनं बघितलेलं धरत नसत. दुसरीनं तीच फिल्म बघून सही करायची." मग म्हणाल्या, "आता गाडीत यावर बोलायचं नाही. घरी जाऊन तू वेगळं लिही, मी वेगळं लिहिते. मग ताडून बघू."

त्यामुळे रॉकेट बघून परतणाऱ्या दोन बायका होसकोटेपर्यंत वांग्याच्या भाजीबद्दल आणि तिथून पुढे माझ्या सासूबाईंबद्दल बोलत आल्या. बोलायचं नाही म्हणजे नाही. टोल आणि पेट्रोल धरून दीड-दोन हजारांत एका दिवसाची सहल होते, डोसे वेगळे. खुर्ची, पाणी आणि टॉर्च न्या. निघायच्या दिवशी सकाळी उड्डाण पुढे ढकललेलं नाही ना, ते बघा. आणि अंशांची मिनिटं साठ असतात.

नऊच्या सुमाराला अक्कांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसलो. त्यांनी जाड पेनानं मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, मी माझं बारीक. मग मी दोन्ही कागद मोठ्यानं वाचले. नारिंगी उजेड, दोघींकडे. सोनेरी रेघ, दोघींकडे. मंदावणं आणि पुन्हा पेटणं, दोघींकडे. अक्कांच्या कागदावर एक ओळ जास्त होती: "पेटल्यावर मागे एक बारीक ठिपका राहिला, तो लुकलुकत खाली पडत गेला."

"हे मी नाही बघितलं," मी म्हणाले.

"तू उजेडाकडे बघत असशील. सगळे तेच बघतात. आम्ही सांध्याच्या कडेला बघायचो." मग म्हणाल्या, "का भासच असेल? खोडू का?"

त्यांनी पेन उचललंही होतं. मी म्हणाले थांबा, आणि फोन काढला. लोकांनी तोवर ढीगभर फोटो टाकले होते. कुणीतरी तिरुपतीहून मोठ्या लेन्सनं घेतलेले फोटो एकामागून एक लावले होते. चौथ्या फोटोत, झगमगत्या उजेडाच्या जरा खाली, सुटलेला टप्पा होता. बारीक ठिपका. पाचव्यात आणखी खाली.

मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तो हातात घेतला, हळूहळू सरकवला, आणि ठिपक्यापाशी थांबल्या.

"तू बघितलास?"

"बघितला, अक्का. आहे."

"सरी, ठीक. मग कर सही."

मी त्यांच्या कागदावर, त्या जास्तीच्या ओळीसमोर सही केली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं, कारण त्यांची सगळी नजर त्या कागदावर होती.

"अजून चालतात हं," अक्का स्वतःशीच म्हणाल्या. "अजून चालतात माझे डोळे."